बाबांना सगळे चेहरे सारखे दिसतात, पण तू उजेडाकडे बघ

इचलकरंजीहून बारावी आर्ट्सच्या एका मुलीचं पत्र आलंय. ती लिहिते, "मला अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी कार्टूनसारखी चित्रं, काढायला आवडतं, दोन वह्या भरल्यात. बाबा म्हणतात सगळे चेहरे सारखेच, यात कसली कला. मित्र म्हणतो स्टाईल होती ती नव्वदच्या दशकापर्यंत, आताच्या अ‍ॅनिमेला स्वतःचं असं काही नाही. मग मी शिकू काय, आणि यात करिअर होतं का?"

हे बघ बाळा, मित्राचं म्हणणं मला पटत नाही. गेल्या वीस-पंचवीस वर्षांतल्या अ‍ॅनिमेला स्वतःचं रूप आहे, चांगलं ठळक आहे, फक्त ते चेहऱ्यात शोधत बसलीस तर सापडायचं नाही. आज एक कर, 'माय नेबर तोतोरो' (1988) आणि 'युअर नेम' (2016) या दोन्ही जपानी फिल्म लाव आणि मधेच कुठेतरी पॉज कर. तोतोरोत मुलींच्या अंगावरचा रंग सपाट आहे, उजेडाचा एक, सावलीचा एक, आणि मागची झाडं मात्र ब्रशने रंगवलेली, म्हणजे माणसं चित्रावर अलगद ठेवल्यासारखी वाटतात. आणि खरंच ठेवलेलीच असायची! सेल म्हणजे पारदर्शक प्लास्टिकचा कागद, त्यावर रेषा, मागच्या बाजूने रंग, तो सेल बॅकग्राऊंडवर ठेवायचा आणि वरून कॅमेऱ्याने एकेक फ्रेम शूट करायची. रंग बाटलीतले, त्यामुळे प्रत्येक छटा म्हणजे वेगळी बाटली. आता 'युअर नेम'ची फ्रेम बघ, संध्याकाळच्या आभाळाचा रंग मुलीच्या केसांच्या कडेवर उतरलाय, गालावर एका रंगातून दुसऱ्यात हळूच जाणारी छटा आहे, माणूस आणि मागचं आभाळ एकाच उजेडात उभे आहेत. हे काम कंपोझिटिंगवाले, म्हणजे पात्रं आणि बॅकग्राऊंड कॉम्प्युटरवर एकत्र जोडून उजेड बसवणारे, करतात. जपानमध्ये त्या डिपार्टमेंटला अजूनही 'सात्सुएई' म्हणजे शूटिंगच म्हणतात, कॅमेरा जाऊन इतकी वर्षं झाली तरी! मला हे फार आवडतं.

सेलवरून कॉम्प्युटरवर जायचा हा बदल साधारण 1997 ते 2005 च्या दरम्यान झाला, तोतोरो काढणाऱ्या घिबली स्टुडिओने पहिली पूर्ण डिजिटल फिल्म 1999 ला काढली, आणि 'साझाए-सान' ही मालिका मात्र 2013 पर्यंत सेलवर चालू होती. 2002 मध्ये 'युअर नेम'चा दिग्दर्शक माकोतो शिनकाई याने पंचवीस मिनिटांची फिल्म घरच्या मॅकवर जवळपास एकट्याने केली, सेलच्या काळात हे जमलंच नसतं. म्हणजे हत्यार बदललं की रूप बदलतं. आणि ते एकच एक रूप पण नाही, 'डीमन स्लेअर' मालिकेतलं पाणी बघ, जुन्या जपानी ठसेचित्रांसारखी जाडबारीक रेषा आहे त्याला, आणि 'लँड ऑफ द लस्ट्रस' (2017) तर थ्रीडीत आहे आणि तिथे केस रत्नासारखे चमकतात.

बाबांना पण सांग, चेहरे सोपे आणि ठरावीक असतात त्याला कारण आहे. एकच पात्र कितीतरी लोक काढतात, टीव्हीवर बऱ्याचदा सेकंदाला आठच चित्रं असतात, आणि तरी पहिल्या एपिसोडातली मुलगी बाराव्यात तीच दिसली पाहिजे, म्हणून सगळ्यांसमोर कॅरेक्टर शीट, म्हणजे ते पात्र नेमकं कसं काढायचं याचा नमुना, ठेवलेलं असतं. ती शिस्त आहे, आळस नाही.

आता तुझ्याबद्दल. तू सहा पानांचे फोटो पाठवलेस, पाच चेहरे, आणि एका पानावर एसटी स्टँडचा पत्रा, त्यावरून गळणारं पावसाचं पाणी आणि खाली ओल्या फरशीत पडलेला ट्यूबलाइटचा उजेड. चेहरे चांगलेत, पण ते पान मी परत परत बघितलं. मला वाटतं तुझा जीव बॅकग्राऊंड आणि कंपोझिटिंगमध्ये आहे, आणि आपल्याकडे नोकरीच्या दृष्टीने पण ते बरं, कारण मुंबई-पुण्यातल्या व्हीएफएक्स आणि अ‍ॅनिमेशन स्टुडिओत कंपोझिटर लागतातच. जपानमध्ये दोन मुख्य चित्रांच्या मधली चित्रं काढणाऱ्या नवख्यांना बऱ्याचदा चित्रामागे पैसे मिळतात आणि ते फार कमी असतात, शिवाय भाषा येत नसेल तर दार उघडत नाही. तिकडे जायचंच असेल तर जपानी आत्ताच सुरू कर, जेएलपीटी ही जपानी भाषेची परीक्षा पुण्यात देता येते, आणि तिच्या एन2 या वरच्या पातळीच्या आसपास पोचायला काही वर्षं जातात हे धरून चाल.

अ‍ॅडमिशनसाठी युसीड (आयआयटीतल्या डिझाइनच्या कोर्सची प्रवेश परीक्षा) आणि एनआयडी या डिझाइन संस्थेची परीक्षा, दोन्ही आर्ट्सवाल्यांना देता येतात. पण पोर्टफोलिओत, म्हणजे दाखवायच्या कामाच्या फाइलीत, नुसते अ‍ॅनिमे चेहरे नकोत ग, समोरचं बघून काढलेलं असू दे, माणसं, हात, गर्दी, भांडी, काहीही. आणि "सहा महिन्यांत अ‍ॅनिमे आर्टिस्ट" अशी जाहिरात करणाऱ्या क्लासला बाबांचे पैसे भरू नकोस, आधी तिथल्या मुलांचं काम बघायला माग.

तोच एसटी स्टँड परत काढ, एकदा सकाळी सहाला, एकदा भर दुपारी, एकदा दिवे लागल्यावर, तिन्ही वेळा त्याच जागेवर बसून, रंगात. चेहरा एकही नको. ती तीन पानं मला पाठव, मग कुठल्या कॉलेजचा फॉर्म आधी भरायचा ते बोलू.