स्कीइंग येत नसेल तर स्वित्झर्लंडला हिवाळ्यात काय करायचं?

तुम्ही विचारलंय की डिसेंबरअखेर सात रात्री, सोबत पासष्टीचे आईबाबा आणि आठ वर्षांची लेक, स्कीइंग कुणालाच येत नाही, तर झ्युरिक-ल्युसर्न-इंटरलाकेन-झरमॅट हा प्लॅन कसा वाटतो. खरं सांगू, नका करू. मी बरीच वर्षं इकडे राहतेय, दर हिवाळ्यात घरचं कुणी ना कुणी येतं, आणि धावपळ करणारे नुसते दमून परत जातात. पावणेपाचच्या सुमारास अंधारतं, त्यात दर दोन दिवसांनी बॅगा भरायच्या म्हणजे उजेड सगळा प्रवासातच जातो. शिवाय खाली शहरांत कित्येकदा दिवसेंदिवस धुकं बसलेलं असतं आणि त्याच वेळी वर डोंगरावर लख्ख ऊन! म्हणून मुक्काम वरच डोंगरातल्या दोन छोट्या गावांत करा, ४ रात्री वेंगेन, ३ रात्री बेर्ग्युन, बस.

वेंगेनला मोटारी जात नाहीत, लाउटरब्रुनेनहून छोट्या रेल्वेने वर जायचं. तिथून केबल कारने मेनलिखेन आणि मग क्लायने शायडेगपर्यंत साधारण साडेचार किमी चालत, बर्फ मशीनने दाबून केलेली वाट, फार चढ नाही, समोर आयगर शिखर, आणि परत यायला ट्रेन आहेच. हिवाळ्यात चालायच्या वाटांच्या पाट्या गुलाबी असतात, त्याच धरा. आईबाबांना बुटांवर चढवायचे रबरी स्पाइक्स आणि काठ्या नक्की घेऊन द्या. युंगफ्राउयोख हे डोंगरावरचं रेल्वे स्टेशन ३४५४ मीटरवर आहे, बीपी-हार्टचं काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि सकाळी वेबकॅमवर आकाश स्वच्छ दिसलं तरच तिकीट काढा.

आता बेर्ग्युन, माझं सगळ्यात लाडकं. इथून ट्रेनने प्रेडाला जायचं, सरळ अंतर जेमतेम ५ किमी पण चढ ४०० मीटरच्या वर, म्हणून रूळ बोगद्यांतून आणि पुलांवरून वळसे घेत घेत सुमारे १२ किमी करतात, खिडकीतून मघाचाच पूल आता खाली दिसतो. ही अल्बुला लाइन २००८ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. प्रेडाला उतरलं की लाकडी स्लेजवर (बर्फावरच्या घसरगाडीवर) बसून ६ किमी खाली! हिवाळ्यात बंद असलेला घाटाचा रस्ताच आहे तो, गाड्यांची भीती नाही. स्लेज भाड्याने मिळते. डावीकडे वळायचं तर डावा पाय बर्फावर घासायचा, थांबायचं तर दोन्ही टाचा रोवून मागे रेलायचं, लेकीला आधी सपाटीवर दहा मिनिटं शिकवा आणि हेल्मेट घालाच. माझी भाची पहिल्या खेपेला मला घट्ट धरून बसली होती, खाली पोचल्यावर केसांवर बर्फ, गाल लालबुंद, आणि पहिलं वाक्य "मावशी, परतची ट्रेन किती वाजता?" त्या दिवशी चार फेऱ्या झाल्या. आईबाबा तोवर ट्रेननेच वर-खाली करू शकतात, तेही मस्त वाटतं.

कपड्यांचं म्हणाल तर जीन्स आणि कॉटनचे मोजे नकोत, ओले झाले की वाळत नाहीत. थर्मल, फ्लीस, वर वॉटरप्रूफ जॅकेट-पँट, आणि मुलांचे हातमोजे दोन जोड, एक जोड तासाभरात भिजतोच. गॉगल आणि सनस्क्रीनही घ्या, बर्फावरचं ऊन फार भाजतं.

स्विस ट्रॅव्हल पास (ट्रेन-बसचा पर्यटकांचा पास) काढलात तर लेकीचं फॅमिली कार्ड फुकट मागून घ्या. फॉन्ड्यूत, म्हणजे ब्रेड बुडवून खायच्या वितळलेल्या चीजमध्ये, व्हाइट वाइन असते, आईबाबांना चालत नसेल तर राक्लेट मागवा, उकडलेल्या बटाट्यावर वितळलेलं चीज, त्यांना नक्की आवडेल. खोल्या मात्र आजच बघायला लागा, नाताळ ते नवीन वर्ष ही दोन्ही गावं लवकर भरतात.