एचेव्हेरिया पावसात सडतायत, कुठलं खत घालू?

ताई, सगळ्यात आधी हे की खत अजिबात देऊ नका. तुम्ही लिहिलंय की एप्रिलमध्ये नर्सरीतून सहा एचेव्हेरिया (सक्युलंट, म्हणजे जाड पानांत पाणी साठवणारी, गुलाबासारखी दिसणारी रोपं) आणल्या, ठाण्याला गॅलरीत ठेवल्या, एक दिवसाआड दोन चमचे पाणी आणि वरून स्प्रे, आणि पाऊस सुरू झाल्यापासून चार रोपांची खालची पानं पिवळी, काचेसारखी आरपार दिसायला लागून नुसता हात लागला तरी गळतायत. ही भूक नाहीये, ही सड आहे, आणि ती खालून वर चढते, त्यामुळे पुढचं सगळं नंतर वाचा पण ती चारही रोपं आजच कुंडीतून बाहेर काढा.

माती झटकून मुळं बघा. पांढरट किंवा फिकट तपकिरी आणि कडक असतील तर रोप वाचलं, दोन-तीन दिवस सावलीत उघडं पडू द्या आणि नव्या मिक्समध्ये (मातीचं मिश्रण, कसं करायचं ते खाली आहे) लावा. मुळं काळी लिबलिबीत असतील आणि खोड दाबल्यावर मऊ लागत असेल तर मात्र कापायलाच लागेल. ब्लेड स्पिरिटने पुसून घ्या आणि खालून एकेक चकती कापत वर जा, दरवेळी ब्लेड पुसून, कापलेला भाग सगळीकडून एकसारखा पांढरट हिरवा दिसेपर्यंत. मधे एक जरी तपकिरी ठिपका राहिला तर सड आतल्या आत परत चढते. माझ्या बाबतीत दोनदा झालंय हे, अजून कापायला हात धजावला नाही म्हणून थांबले आणि आठवड्याभरात अख्खं रोप गेलं, तेव्हा इथे माया करू नका. वरचा गड्डा, म्हणजे पानांचा गुच्छ, मग वर्तमानपत्रावर, सावलीत, वारा लागेल असा ठेवून द्या. आपल्याकडच्या दमट हवेत जखम सुकायला पाच-सात दिवस लागतात, पंख्याखाली जरा लवकर. सुकली की कोरड्या मिक्सवर नुसता टेकवून ठेवायचा, पाणी द्यायचं नाही. इथेच सगळ्यांचा धीर सुटतो, पण पानांमध्ये पाण्याचा साठा असतो आणि त्याच्यावरच ते मुळं काढतं. दोन ते चार आठवड्यांनी हलकेच ओढून बघा, अडकल्यासारखं लागलं की मुळं आली, तेव्हा पहिलं पाणी.

गळलेल्या पानांपैकी जी आरपार झालीत ती टाकून द्या, त्यातून काही येत नाही. पण गड्डा कापताना खालची घट्ट पानं निघतील ती मात्र जपा, देठाशी अख्खी निघाली पाहिजेत, अर्धवट तुटलेली सहसा रुजत नाहीत. ती पण तशीच सुकवून मिक्सवर पसरून ठेवा, काही आठवड्यांत टोकाला गुलाबी मुळं आणि मग तांदळाएवढं रोप दिसायला लागतं, माझ्याकडची निम्मी झाडं अशीच झालीत.

आता हे का झालं ते बघू, कारण दोष पावसाचा असं तुम्ही म्हणताय आणि मला ते पूर्ण पटत नाही. जुन्नरला शिवनेरीवर किंवा पुरंदरशेजारी वज्रगडावर कड्यांवर शिंदळमाकुडी नावाची वनस्पती येते, फ्रेरिया इंडिका, फक्त महाराष्ट्रातच सापडते, मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्यावरून नाव पडलं. जाड मांसल फांद्या, म्हणजे सक्युलंटच की, आणि ही बाई सह्याद्रीचा अख्खा पावसाळा अंगावर घेते, उलट पावसातच तिला पानं फुटतात. कारण ती कड्याच्या भेगेत असते, पाणी येतं आणि वाहून जातं, मुळाशी थांबत नाही, वारा सतत असतो. तुमच्या कुंडीत बरोबर उलटं आहे, पाणी थोडं आहे पण ते जातच नाही. (शिंदळमाकुडी दुर्मिळ आहे, गडावर दिसली तर फोटो काढा, उपटून आणू नका प्लीज.)

नर्सरीवाले रोप देतात ते एकतर चिकट लाल मातीच्या गोळ्यात नाहीतर निव्वळ कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याचा भुसा). लाल माती ओली असताना हवा जाऊ देत नाही आणि वाळली की दगड होते. कोकोपीट पाणी धरून ठेवतं, नर्सरीत शेडखाली चालून जातं पण आपल्याकडे जूनमध्ये हवाच ओली, मग ते आठ-आठ दिवस वाळत नाही आणि मुळांना हवा मिळत नाही. रोप आणल्यावर हा गोळा काढणं हे माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं काम, पाणी किती वगैरे नंतर. मी एक भाग साधी बागेची माती, एक भाग चाळलेलं जुनं कंपोस्ट आणि तीन भाग खडबडीत माल घेते, त्यात सिंडर (जळक्या कोळशाचे खडे), पर्लाइट (पांढरे हलके दाणे), विटेचे वाटाण्याएवढे तुकडे, जे मिळेल ते. बांधकामाची वाळू किंवा क्रश सँड चालते पण चाळून बारीक भुकटी काढून टाका आणि धुवून घ्या, ती भुकटी सिमेंटसारखी बसते. समुद्राची वाळू नको, मीठ असतं. आणि कुंडीच्या तळाशी खडीचा जाड थर देतात ना सगळे, त्याने निचरा सुधारत नाही. पाणी बारीक मातीतून खडीत सहज उतरत नाही, ते खडीच्या वरच थांबतं, म्हणजे ओला थर मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर एक खापरी किंवा जाळीचा तुकडा पुरे. कुंडी मातीची घ्या, लहान घ्या, तळाला भोक असलेलीच घ्या.

दोन चमचे पाणी ही पद्धत पण सोडा. वरचा थर ओला राहतो आणि खालची मुळं कोरडी, दोन्हीकडून नुकसान. द्यायचं तेव्हा भोकातून वाहीपर्यंत द्यायचं, मग पूर्ण वाळेपर्यंत हात लावायचा नाही. वाळलं का ते बघायला बांबूची काडी तळापर्यंत खुपसून दोन मिनिटांनी काढा, माती चिकटून आली तर थांबा. काही दिवसांनी कुंडी उचलूनच कळायला लागतं. स्प्रे तर पूर्ण बंद, गड्ड्याच्या मधे पाणी साठून कुजतं, आणि पानांवरची ती पांढरी पावडर पण जाते, ती धूळ नाहीये, तिचं ऊन्हापासून संरक्षण असतं, पुसू नका.

अजून एक गोष्ट कमी लोक लक्षात घेतात. ही झाडं पानांची छिद्रं दिवसा मिटून घेतात आणि रात्री उघडून हवा घेतात, पाणी वाचवायला, त्यामुळे त्यांना रात्र थंड लागते. एचेव्हेरिया बहुतेक मेक्सिकोच्या डोंगराळ भागातली. आपल्याकडे मे-जूनमध्ये रात्रीसुद्धा पारा २५ च्या खाली क्वचित येतो, तेव्हा ती जवळजवळ थांबून असतात आणि पाणी पीत नाहीत. म्हणून जून ते सप्टेंबर मी एचेव्हेरियाला तीन-चार आठवड्यांतून एकदा, पानं सुरकुतायला लागली तरच, तेही उघडीप बघून देते. खरी वाढ नोव्हेंबर ते फेब्रुवारी, तेव्हा आठ-दहा दिवसांनी द्या, आणि खत द्यायचंच तर तेव्हा अर्ध्या डोसने.

गॅलरी दक्षिणेकडची आहे म्हणताय. तिथे थंडीत ऊन आत येतं पण मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य ठाण्यात किंचित उत्तरेला असतो, म्हणजे तुमच्या झाडांना आत्ता थेट ऊन नाहीच. तेव्हा अगदी कठड्याजवळ पण पावसाचा मारा लागणार नाही अशी ठेवा, वर पारदर्शक पत्रा लावता आला तर उत्तम. आणि ढगाळ दिवसांनंतर ऑक्टोबरचं कडक ऊन एकदम दाखवू नका, पानं भाजतात आणि तो डाग जात नाही.

उरलेल्या दोन रोपांची पण माती आजच बदला, ती चांगली दिसतायत तोवरच. बदलताना मुळांत आणि पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं काही दिसलं तर पिठ्या ढेकूण आहे, इअरबड स्पिरिटमध्ये बुडवून टिपून घ्या आणि ते रोप बाकीच्यांपासून लांब ठेवा, चार-पाच दिवसांनी परत तपासा.

नवीन घ्यायची असतील तर या वर्षी एचेव्हेरिया नकोच. जेड, हॉवर्थिया, गॅस्टेरिया, स्नेक प्लांट, कोरफड ही आपल्या दमट हवेत कितीतरी सोशीक आहेत, हॉवर्थियाला तर खिडकीतला उजेडही पुरतो. एक पावसाळा यांच्याबरोबर काढा आणि एचेव्हेरिया दिवाळीनंतर आणा, म्हणजे तिला मुळं धरायला पूर्ण थंडी मिळेल. कापल्यावर खोडाच्या आतला भाग कसा दिसतोय त्याचे फोटो टाका, अजून किती कापायचं ते बघून सांगते.