रंगाआधी गाडीचं काय काय सुटं करायचं?

प्रश्न : गाडी पूर्ण रंगवून घ्यायची आहे. पेंटर म्हणतो, हँडल, बीडिंग (काचेलगतची रबरी पट्टी) काढायला नको, टेप लावून भागेल. खरंच भागेल का?

उत्तर : सुरुवातीचे काही महिने भागेल. टेप लावलेल्या ठिकाणी रंगाचा थर एकदम तुटतो आणि त्याची उभी धार उरते. शिवाय रबराला टेकलेल्या शेवटच्या दोन-तीन मिलिमीटरपर्यंत पॉलिश पेपर पोचत नाही. तिथलं मेण, धूळ आणि जुनी चकाकी तशीच राहते, नव्या रंगाला पकड मिळत नाही. मग प्रेशरनं धुताना नेमका त्या धारेपासून पापुद्रा सुटतो. म्हणून हँडल, आरसे, दाराच्या काचेबाहेरचं बीडिंग, पट्ट्या, लोगो, दिवे काढायला सांगाच. पुढची काच मात्र युरेथेननं चिकटवलेली असते, रंगासाठी ती काढायचं कारण नाही. तिच्या रबराची कड मोकळी असेल तर त्याखाली चार-पाच मिलिमीटर जाडीची दोरी सरकवत न्या. कड उचलली जाते आणि पेपर, रंग दोन्ही आत जातात.

प्रश्न : दारावरची पट्टी आणि मागचा लोगो यांना स्क्रू दिसत नाहीत. ओढून काढू का?

उत्तर : ओढू नका, पट्टी वाकली की पुन्हा सरळ बसत नाही. आधी पॅनेलच्या कडेपासूनची अंतरं मोजून कागदावर लिहा. गाडीवर केलेल्या खुणा रंगाखाली जाणार, त्या कामाच्या नाहीत. मग हीट गन लांब धरून, सतत हलवत, हाताला सोसेल इतपतच गरम करा. मऊ झालेल्या डिंकात गळाची तंगूस घालून करवतीसारखी ओढा. हातमोजे घाला, तंगूस बोटं कापते. तंगूस मध्येच अडली तर मागे खुंट्या असणार. पट्टी तिथे सरळ बाहेर घ्यावी लागते.

उरलेला डिंक अंगठ्यानं वळून निघतो, हट्टी भागाला ड्रिलवर लावायचं रबरी चाक. ते एका जागी टेकवून ठेवलं तर रंग जळतो. नंतर मेण काढायचं द्रावण लावा आणि ते वाळायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्यानं टिपा. वाळू दिलंत तर मेण परत तिथेच बसतं. हे सगळं घासण्याआधी. आधी पेपर मारला तर मेण चरांमध्ये कोंबलं जातं. आणि सिलिकॉन स्प्रे गाडीच्या आसपासही नको! त्यावर रंग टिकत नाही, गोल खड्डे पडतात.

प्रश्न : हँडल आणि आरसा काढताना कुठे चुकतं?

उत्तर : बऱ्याच गाड्यांत दाराच्या मागच्या कडेला छोटं रबरी बूच असतं, त्यामागे स्क्रू. तो पूर्ण काढायचा नसतो, थांबेपर्यंत फक्त सैल करायचा. लॉकचा तुकडा निघाला की हँडल मागे सरकवून बाहेर येतं. काच खाली आणि किल्ली खिशात ठेवा.

आरशाच्या नटांजवळच्या भोकांत आधी फडकं कोंबा. निसटलेला नट थेट दाराच्या पोटात जातो आणि मग आतलं पॅनेल काढत बसावं लागतं. शेवटचा नट सोडताना बाहेरून आरसा कुणीतरी धरलाच पाहिजे, नाहीतर तो वायरवर लोंबकळतो. जुन्या गाडीच्या प्लॅस्टिक क्लिपा ठिसूळ झालेल्या असतात, तुटणारच. नव्या आधी आणून ठेवा.

प्रश्न : पट्ट्या परत कधी चिकटवायच्या?

उत्तर : भट्टीत न भाजता हवेवर सुकवलेल्या रंगाला निदान आठवडा द्या. आतलं थिनर उडायचं बाकी असताना पट्टी दाबली तर खालचा रंग मऊ राहतो. जुनी टेप वापरू नका, अ‍ॅक्रिलिक फोमची नवी दुहेरी टेप लावा आणि पट्टीभर जोरानं दाबत जा. तिची पूर्ण पकड यायला साधारण 72 तास लागतात, तोवर गाडी धुऊ नका.