पान ओळखीचं, मजकूर परका

"मॅडम, वाचताना सगळं समजतं. पेपर हातात आला की पाटी कोरी." हे वाक्य इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय, की सुरुवात झाली की शेवट मी मनातच पूर्ण करते. म्हणून आज सईबद्दल लिहिते. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदललेत.)

सई नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. रोज सहा-सात तास अभ्यास, तरी दोन विषय राहिलेले. सोबत आई. "आधी अशी नव्हती हो ही. स्मरणशक्तीचं एखादं औषध सांगा ना." असली बाटली माझ्याकडे नसते आणि जाहिरातीतल्या बाटल्यांवर माझा विश्वास नाही. झोप, जेवण, मनःस्थिती, सगळ्याची चौकशी केली. रोजच्या साध्या गोष्टीही विसरत असती किंवा सतत उदास असती, तर आधी डॉक्टरांकडे पाठवलं असतं. तसं काही नव्हतं.

तिचं पुस्तक मागितलं. मूत्रपिंडाचं प्रकरण. पिवळा, गुलाबी, हिरवा. न रंगवलेली ओळ शोधावी लागत होती.

"किती वेळा वाचलंस?"

"पाच तरी."

मी पुस्तक मिटलं. "आता सांग, लघवी कशी तयार होते?"

ती छताकडे बघत राहिली. "डावीकडे खाली आकृती आहे... शेजारी गुलाबी चौकट..."

"चौकटीत काय आहे?"

"पान दिसतंय मॅडम. अक्षरं दिसत नाहीत."

इतकं नेमकं निदान मलाही जमलं नसतं. ओळख पटणं वेगळं, आठवणं वेगळं. रस्त्यात चेहरा ओळखीचा वाटतो, पण नाव काही केल्या ओठांवर येत नाही, तसंच हे. पुन्हा पुन्हा वाचून ओळख वाढते, वाचन सोपं जातं आणि त्या सोपेपणालाच आपण 'तयारी झाली' समजतो. परीक्षेत मात्र पान समोर नसतं.

रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली हेच तपासलं. काही विद्यार्थ्यांनी उतारा दोनदा वाचला. काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते, 81 टक्के विरुद्ध 75. आठवड्याने मात्र लिहिणाऱ्यांना 56 टक्के आठवलं, वाचणाऱ्यांना 42.

पुढच्या भेटीत सईला कोरा कागद दिला. तीन ओळी झाल्या. "दिवसाला साधारण 180 लिटर द्रव गाळला जातो," एवढं लिहून पेन थांबलं. मी गप्प. (अशा वेळी तोंड बंद ठेवणं हेच माझ्या कामातलं खरं कसब, असं मला वाटतं.) दोनेक मिनिटं गेली असतील.

"पण लघवी तर दीड-दोन लिटरच होते. मग बाकीचं... अहो, ते परत रक्तात शोषलं जातं!"

आणि पेन धावायला लागलं. नलिका, पाणी, क्षार, सगळं त्या एका प्रश्नाला धरून बाहेर आलं. माहिती डोक्यात होतीच, तिला बाहेर यायची सवय नव्हती.

मग आम्ही अभ्यासच बदलला. एकदा समजून वाचायचं, पुस्तक मिटायचं आणि कागदावर काढायचं. अडलं तरी लगेच पान उघडायचं नाही, थोडं झगडायचं. नंतर पडताळून चुका दुसऱ्या शाईने दुरुस्त करायच्या. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञांनी 1885 साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं, की विसरणं सुरुवातीला झपाट्याने होतं, मग मंदावतं. म्हणून पहिली उजळणी दुसऱ्या दिवशीच, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने. दर वेळी न बघता. झोपेला कात्री लावायची नाही, वाचलेलं पक्कं व्हायला तीही लागते.

पहिले पंधरा दिवस वाईट जातात, हे आधीच सांगून ठेवते. आईचा फोन आलाच. "दोन तास बसते आणि एकच प्रकरण होतं." म्हटलं, होऊ द्या. आधी पाच प्रकरणं 'व्हायची', त्यातलं उरत किती होतं?

दोन्ही विषय सुटले. शेवटच्या भेटीत मी नेहमीप्रमाणे तिची फाइल उघडायला गेले, तर तिने त्यावर हात ठेवला. "मॅडम, मागच्या वेळी आपलं काय ठरलं होतं? न बघता सांगा."

मला तीनपैकी दोनच मुद्दे आठवले.