माझी टाचणे मागू नकोस

चि. विद्यार्थिनीस,

सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. ब्रिटिश आणि अमेरिकन समाज-संस्कृतीचा पेपर दीड महिन्यावर आला आहे. वर्गात उतरवून घेतलेल्या मुद्द्यांत ‘अमेरिकन माणूस व्यक्तिवादी आणि स्वतंत्र वृत्तीचा असतो’ असे वाक्य आहे आणि तू पाहत असलेल्या मालिकेतला बाप मात्र साहेबाचे वाटेल ते बोलणे गिळून तीच नोकरी धरून बसतो. मग यातले खरे काय मानायचे, असे तू विचारले आहेस. शेवटी माझी जुनी टाचणे मागितली आहेस. टाचणांचे नंतर पाहू. वर्गातले बाकीचे ते वाक्य पाठ करून मोकळे झाले असतील. तुला ते खटकले, म्हणून मी लिहायला बसलो.

त्या बापाचा स्वभाव तपासत बसू नकोस. त्याच्या मुलाला दमा आहे, हे तूच लिहिले आहेस. त्या औषधाचे पैसे कोण भरते, एवढे आधी शोध. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सरकारने पगारवाढीवर मर्यादा घातली, तेव्हा माणसे मिळवण्यासाठी मालकांनी वाढीव पगाराऐवजी आरोग्यविमा देऊ केला, पुढे करसवलतींनी ती रीत पक्की झाली, आणि त्यामुळे नोकरी सुटली की घरादाराचा विमाही धोक्यात, अशी गाठ तिथे कायमची बसली. आधीपासून आजार आहे एवढ्यावरून विमा नाकारण्याची मुभा 2010 च्या कायद्याने काढून घेतली, आणि ती तरतूद सर्वांसाठी 2014 मध्ये लागू झाली. म्हणून मालिकेतली गोष्ट कोणत्या सालात घडते तेही तुला पाहावे लागेल. हाच बाप इंग्लंडमधल्या लीड्सला राहत असता, तर 5 जुलै 1948 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय आरोग्यसेवेमुळे मुलाच्या औषधासाठी त्याला मालकाचे तोंड पाहावे लागले नसते. माणूस तोच, खर्च उचलणारा बदलला की त्याचा कणा ताठ दिसू लागतो.

पैसे कोण भरते आणि दार कोणाला उघडते: हे दोन प्रश्न कोणताही शब्द, सण, शाळा किंवा इमारत समोर आली की विचारायचे. मी हे पुन्हा पुन्हा सांगणार आहे आणि तुला कंटाळा आला तरी सांगणार आहे, कारण मला हे कोणी सांगितले नाही.

तालुक्याच्या गावी इंग्रजी शिकवायला लागलो, तेव्हा एका इंग्रजी कथेतला तरुण ‘पब्लिक स्कूल’मध्ये शिकलेला होता. पब्लिक म्हणजे सार्वजनिक, म्हणजे सरकारी शाळा, म्हणजे हा मुलगा गरिबीतून वर आलेला, असे मी नऊ वर्षे शिकवले. त्याचा उर्मटपणा मी स्वाभिमान म्हणून समजावून दिला आणि मुलांनी तसाच तो उत्तरपत्रिकेत उतरवला. वस्तुतः इंग्लंडमधल्या अशा ‘पब्लिक स्कूल’पैकी एक, ईटन ही शाळा सहाव्या हेन्री राजाने 1440 साली सत्तर गरीब मुलांच्या शिक्षणासाठी काढली होती हे खरे, पण पुढे भरभक्कम फी देणाऱ्यांची मुलेच तिथे बहुसंख्य झाली. दार एकाच गावापुरते नसून देशातल्या कोणत्याही भागातल्या मुलाला उघडे, एवढाच त्या ‘पब्लिक’चा मूळ अर्थ, आज तिथली वर्षाची फी 50,000 पौंडांच्या वर आहे. अमेरिकेत तोच शब्द करांवर चालणाऱ्या मोफत शाळेसाठी वापरतात. पण तिथेही थांबू नकोस, कोणाचा कर ते विचार. त्यातला मोठा वाटा स्थानिक घरपट्टीसारख्या मालमत्ता-कराचा असतो, म्हणून श्रीमंत वस्तीची शाळा श्रीमंत होते. टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओच्या गरीब भागातल्या पालकांनी याविरुद्ध दावा केला आणि 1973 साली सर्वोच्च न्यायालयात ते 5 विरुद्ध 4 मतांनी हरले. अमेरिकन कथांमधली जोडपी मूल होताच घर बदलण्याचा ध्यास का घेतात, हे त्या निकालाखेरीज तुला कसे कळणार?

चूक कळली त्या वर्षी मी ती वर्गात कबूल केली नाही. पुढच्या तुकडीला गुपचूप बरोबर शिकवू लागलो. आमच्या ग्रंथालयात विश्वकोशाचे मोजके खंड होते आणि विचारायला कोणी नव्हते, हे खरे आहे. पण शब्दकोश होता, आणि तो उघडण्याची मला गरज वाटली नाही, हेही तितकेच खरे आहे. तुझ्या हातातल्या फोनवर तर सगळे आहे, तरी तू टाचणे मागतेस, याचा मला थोडा राग आला.

वर्णलेखन ब्रिटिश ठेवू की अमेरिकन, या प्रश्नावर तू अर्धे पान खर्ची घातले आहेस. एका उत्तरपत्रिकेत एकच ठेव, विषय संपला. त्यापेक्षा तुझी मालिका ऐन उत्कंठेच्या क्षणी दर काही मिनिटांनी का तुटते, ते पाहा. तिथे जाहिरातदार पैसे भरतो आणि बीबीसीसाठी ब्रिटिश घरे परवाना-शुल्क भरतात. कथेची बांधणीसुद्धा खर्चाच्या मागे जाते.

‘तिकडे गेल्याशिवाय हे कसे समजणार’ हे तुझे वाक्य मात्र मला मान्य नाही. जोतीराव फुले अमेरिकेला कधी गेले नाहीत. तरी 1873 साली त्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक कृष्णवर्णीयांच्या गुलामीविरुद्ध झटलेल्या अमेरिकन लोकांना अर्पण केले, कारण कष्ट कोणाचे आणि फळ कोणाला हे ओळखणारी नजर त्यांनी इथेच कमावली होती. बाबासाहेब आंबेडकर 1913 साली न्यूयॉर्कला शिकायला गेले हे सर्वांना माहीत असते; 1946 साली त्यांनी ड्यू बॉइस या कृष्णवर्णीय अमेरिकन विचारवंताला पत्र लिहून कृष्णवर्णीयांच्या प्रतिनिधींनी संयुक्त राष्ट्रांना दिलेल्या अर्जाची चौकशी केली, हे फारसे कोणी सांगत नाही. दार कोणाला बंद आहे, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नव्हते. मलाही एकदा सहा आठवड्यांसाठी इंग्लंडला जाण्याची संधी आली होती. वडील आजारी होते, पासपोर्ट नव्हता, आणि खरे सांगायचे तर माझे इंग्रजी तिथे कोणाला कळेल का, याची धास्ती होती. माझ्याऐवजी गेलेले सहकारी पुलांची आणि राजवाड्यांची छायाचित्रे घेऊन परतले. त्या राजवाड्यांचा खर्च कोण करते, असे मी विचारले, तर त्यांना सांगता आले नाही. इतक्या वर्षांनी याचा आनंद मानणे क्षुद्रपणाचे आहे, तरी मी मानतो.

टाचणे पाठवत नाही. पहिल्या नऊ वर्षांतले एक पान तेवढे सोबत जोडले आहे. त्या ‘पब्लिक स्कूल’वाल्या तरुणाबद्दल मी काय सांगत असे, ते त्यात आहे. तू तुझ्या मालिकेतल्या बापावर एक पान लिहून रविवारपर्यंत पाठव. त्यात ‘व्यक्तिवादी’ हा शब्द नको.

तुझा,
एक निवृत्त मास्तर