प्रार्थना करूनही आजार बरा होत नसेल, तर ख्रिस्ती माणसाला शांती कशी मिळते?

आपण विचारले आहे की, सहा वर्षे दीर्घ आजार सोसताना रोज प्रार्थना करूनही गुण येत नाही, याचा अर्थ आपला विश्वास उणा आहे असा घ्यावा का, आणि तसा नसेल तर मन शांत राहावे कशाच्या आधारावर. मला रूमेटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आपल्याकडे ज्याला आमवात म्हणतात तो, होऊन चौदा वर्षे झाली आहेत. आपल्या पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि ते मी मोठी किंमत मोजून शिकले आहे.

आजाराच्या दुसऱ्या वर्षी एका आरोग्यसभेत माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना झाली आणि यापुढे गोळ्या घेणे म्हणजे देवावर अविश्वास दाखवणे होय, असे मला सांगण्यात आले. मी तीन महिने मेथोट्रेक्सेट, म्हणजे या आजारावरची माझी गोळी, बंद ठेवली. या आजारात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांच्या अस्तरावर उलटते आणि तिला आवर घातला नाही तर हाड झिजते. माझ्या उजव्या हाताची बोटे त्या काळात वाकू लागली, ती पुन्हा सरळ झाली नाहीत. बोटांहून अधिक दुखले ते मन, कारण सूज वाढली की मी माझेच पाप शोधत बसत असे.

मग आमच्या पाळकसाहेबांनी मला प्रेषित पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या, बायबलमधल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटच्या अध्यायातील एक लहानशी ओळ दाखवली. पौलाच्या अंगावरचे रुमाल नेले तरी रोगी बरे होत, असे प्रेषितांच्या कृत्यांत लिहिले आहे. तोच पौल येथे सांगतो की, त्याचा सोबती त्रफिम आजारी असल्यामुळे त्याला मी मिलेत शहरात ठेवले. यात त्रफिमाला बोल लावलेला नाही आणि कारणही शोधलेले नाही. पोटाच्या व वारंवार होणाऱ्या दुखण्यांसाठी थोडा द्राक्षारस घे, असे तीमथ्याला सांगणारा पौलच आहे, आणि शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारा एक त्रास, निघावा म्हणून तीनदा विनंती करून प्रभूकडून ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ एवढेच उत्तर मिळालेलाही तोच. ही वचने वाचल्यावर मी गोळी आणि प्रार्थना एकमेकींच्या विरोधात उभ्या करणे सोडून दिले.

शांतीविषयी मात्र मला सावकाश बोलले पाहिजे, कारण ती वेदनेच्या अभावाचे दुसरे नाव आहे, असा माझाही बराच काळ समज होता. ‘मी आपली शांती तुम्हांला देतो’ हे शब्द येशूने धरला जाण्याच्या रात्रीच उच्चारले, आणि त्यानंतर थोड्याच वेळात गेथशेमाने बागेत तो अत्यंत व्याकूळ झाला. सकाळी तासभर हात उघडत नाहीत तेव्हा मी बायबलमधले अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र मोठ्याने म्हणते. ते आभारप्रदर्शनाने नव्हे तर अंधारावरच संपते, आणि तरीही ते देवालाच उद्देशून आहे. रडणे, तक्रार करणे हेही विश्वासाचेच बोलणे आहे, हे कळल्यापासून मला देवासमोर खोटे हसावे लागत नाही.

आशेचा आधार मला थोमाच्या, म्हणजे व्रण पाहिल्याशिवाय येशू उठला आहे यावर विश्वास न ठेवणाऱ्या शिष्याच्या, गोष्टीत सापडतो. पुनरुत्थित प्रभूच्या शरीरावर खिळ्यांचे व्रण होते, म्हणजे देवाने ते शरीर टाकून दिले नाही. त्यालाच नवे केले. माझ्या वाकड्या बोटांसाठीही मी तेवढेच मागते. आणि दुबळ्या देहाने काम होत नाही असे वाटते तेव्हा मला पंडिता रमाबाई आठवतात : कानांनी नीट ऐकू येत नसताना आणि १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेल्यावरही केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मूळ हिब्रू व ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर करण्याचे काम त्यांनी ५ एप्रिल १९२२ रोजी झालेल्या मृत्यूपूर्वी पुरे करत आणले होते.

एक व्यावहारिक गोष्टही सांगते. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते; मी ते शनिवारी घेत असे आणि रविवारी मळमळीमुळे उपासना चुकत असे. हे मी अनेक महिने कोणाला सांगितलेच नाही. सांगितल्यावर डॉक्टरांनी वार बदलून सोमवार दिला, आणि ज्या रविवारी तरीही उठवत नाही त्या दिवशी मंडळीतील दोन बहिणी पाळकसाहेबांबरोबर प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीची भाकर व द्राक्षारसाचा प्याला, घेऊन घरी येतात. प्याला मला धरता येत नाही, म्हणून त्यांच्यापैकी एक तो माझ्या ओठांशी धरते.