स्पेनला पहिल्यांदा जाताय ना?

शेंगेन व्हिसाचा (स्पेनसह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) अर्ज 6 महिने आधीपासून देता येतो, तो लवकर उरका. मग आधी ग्रानादा शहरातल्या अलहम्ब्रा या जुन्या किल्ला-राजवाड्याचं तिकीट काढा, बाकी दिवस त्याभोवती बसवा. तिथल्या नासरी महालांत ठरलेल्या वेळेलाच आत सोडतात. उशीर झाला की संपलं. पासपोर्ट जवळ हवाच. जुलै-ऑगस्टमध्ये सेव्हिलचा पारा सहज 40 गाठतो, म्हणून आईबाबा सोबत असतील तर एप्रिल किंवा ऑक्टोबर धरा.

जेवणाचं मात्र नीट ऐका. दुपारी चारनंतर बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघर बंद, ते थेट रात्री साडेआठपर्यंत! शाकाहारी असाल तर नुसतं ‘मांस नको’ म्हणून भागत नाही. मी मागवलेल्या साध्या सॅलडवर ट्यूना मासा पसरलेला आला होता. ‘सिन हामोन, सिन आतून’ म्हणजे हॅम नको, ट्यूना नको, एवढं पाठच करून जा.